एकदा भात करपू द्या

दहावी झाली, आयटीआय झाला, नोकरीचा निरोप आला की आपल्याकडचा मुलगा बॅग भरतो. लातूर, परभणी, बीड, नांदेडकडून रात्रभर धावलेली गाडी त्याला पहाटे नाशिक फाट्यावर उतरवते आणि तिथून तो भोसरी, मोशी, चाकणच्या दिशेने निघतो. बॅगेत दोन-तीन जोड कपडे, सर्टिफिकेटांची फाईल, जानमाज आणि अम्मीने डब्यात दाबून भरलेला मसाला असतो. वर लोणच्याची बरणी, चिवडा, लाडू. हा शिधा पंधरा दिवसांत संपतो. नोकरी मात्र पंधरा वर्षेही चालते. या काळात मुलगा रोज काय खाणार, हा प्रश्न निघण्याच्या घाईत कुणी विचारत नाही. घरात त्याने आजवर गॅस पेटवला असेल, तर तो फार तर चहापुरता.

या महिन्यात आम्हाला याच विषयावर बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण परगावी राहणाऱ्या मुलाची तब्येत, त्याच्या पगारातली शिल्लक आणि उद्याचा त्याचा संसार या तिन्ही गोष्टी शेवटी शेगडीपाशी येऊन थांबतात.

ज्या पट्ट्यात ही मुले येतात तो काही आजचा नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. १९६२ मध्ये राज्यात एमआयडीसी आली आणि पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे कारखान्यांचे शहर झाले. १९८२ मध्ये तिथे महानगरपालिका झाली. मग कारखाने नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पसरले. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला. आज खेड तालुक्यातल्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत शेताच्या बांधापर्यंत भाड्याच्या खोल्या उठल्या आहेत. दहा बाय बाराची खोली, चार-पाच मुले, बाहेर एक नळ, कोपऱ्यात शेगडी. प्रत्येकाची पाळी वेगळी. एक झोपलेला असतो तेव्हा दुसरा कांदा चिरत असतो.

कारखान्यात जेवण मिळते ना, असे घरचे म्हणतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांच्या कॅन्टीनची तरतूद केली, आणि मोठ्या कारखान्यांत ती चालतात हे खरे. पण तिथे पाळीला एक जेवण. उरलेली वेळ आणि सुट्टीचा दिवस ज्याचा त्याने बघायचा. शेडमध्ये चालणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये तर तेही नाही. तिसरी पाळी करून सकाळी परतलेल्या मुलाला त्या वेळी वरण-भात देणारी खानावळ क्वचितच उघडी असते. नाक्यावर वडापाव तळत असतो, तोच पोटात जातो. हॉटेलातले मटण हलाल आहे का, हे विचारायला नव्या जागी संकोच वाटतो. मग महिनोन् महिने अंडा-पाव, वडापाव आणि चहा यांवरच दिवस काढले जातात. छातीत जळजळ सुरू होते, पगारातले पैसे कुठे गेले ते कळत नाही आणि फोनवर अम्मीला सांगितले जाते, "हां अम्मी, जेवलो."

यातली काही मुले एक दिवस ठरवून पातेले विकत आणतात. तिथून खरे शिक्षण सुरू होते, आणि ते फोनवर होत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळते. अम्मी सांगते, मीठ अंदाजाने टाक. पाणी जरासे ठेव. कांदा चांगला होऊ दे. मसाल्याचा वास आला की डाळ टाक. तिचा शब्द न् शब्द खरा आहे, पण तो तिच्या हाताला कळतो. तीस वर्षांत तिच्या बोटांनी मिठाचे माप धरले आहे. मुलाकडे तो अंदाजच नाही, आणि तो फोनवरून पाठवता येत नाही. "जरासे" म्हणजे किती, "चांगला" म्हणजे कोणता रंग, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. म्हणून पहिला भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. पहिल्या डाळीत दाणे एकीकडे आणि पाणी एकीकडे. पहिली चपाती नकाशासारखी, आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यासारखी.

हे सगळे बिघडणे गरजेचेच आहे. त्याशिवाय कुणी स्वयंपाक शिकलेले नाही, आपल्या अम्मी आणि दादीसुद्धा. फरक एवढाच की त्यांचा पहिला भात त्यांच्या आईच्या घरात करपला. शेजारी कुणीतरी होते, दुसरे पातेले होते, घरात अजून तांदूळ होता. मुलाचा भात करपतो तो रात्री अकराला, बारा तास उभे राहून आल्यावर, खोलीत तेवढेच तांदूळ असताना. मग तो दोनदा-तीनदा प्रयत्न करून सोडून देतो आणि पुन्हा नाक्यावर जातो. घरात ज्याला काही बिघडवू दिले नाही, तो परगावी उपाशीपोटी बिघडवतो.

पुरुषाने स्वयंपाक करणे आपल्या समाजाला नवे आहे का? मुळीच नाही. लग्नाच्या देगीवर कोण उभा असतो? बावर्ची. शंभर माणसांच्या बिर्याणीचे मीठ तो उघड्या हाताने टाकतो आणि आपण त्याची वाहवा करतो. कोकणातले आपले लोक पिढ्यान् पिढ्या जहाजावर गेले. तिथे हिंदी खलाशांसाठी रांधणारा वेगळा माणूस असे, त्याला भंडारी म्हणत, आणि तो पुरुषच असे. तेलाच्या पैशामागे आखातात गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसांनी दुबई-कुवेतच्या खोल्यांत पाळ्या लावून सालन शिजवले. जमातीत निघालेले लोक खिदमतीची पाळी आली की बिनतक्रार कांदे सोलतात. म्हणजे पैसे मिळत असतील, समुद्र ओलांडला असेल किंवा खिदमत म्हणून असेल, तर पुरुषाच्या हातात डाव शोभतो. फक्त आपल्याच घरात, आपल्याच आईशेजारी तो धरला की कुणीतरी म्हणते, "पोराला काय बायकी कामे लावतेस?"

हा विचार दीनमधून आलेला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले तेव्हा ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले, हेही आपण ऐकत आलो आहोत. ज्याने एकदा स्वतः सालन बिघडवले आहे, त्याला ही दुसरी गोष्ट पाळणे फार सोपे जाते. मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवणारा माणूस बहुधा कधी शेगडीसमोर उभा राहिलेला नसतो.

आता कामाचे बोलू. ज्या मुलाने कारखान्यात एक वर्ष काढले आहे, त्याला स्वयंपाक शिकण्याची रीत आधीच ठाऊक आहे, फक्त ती त्याने शेगडीला लावलेली नाही. मशीनवर नवा जॉब लावला की पहिला पीस काढून मापतात, मग लॉट सुरू होतो. पीस रिजेक्ट झाला तर कारण शोधतात, आणि दोन गोष्टी एकदम बदलत नाहीत, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. डाळीचेही तसेच. मीठ, पाणी आणि आच तिन्ही एकदम बदलले तर काही शिकता येत नाही. आज पाणी अर्धी वाटी वाढवून बघा, बाकी सगळे तेच ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लिहा: तांदूळ दोन वाट्या, पाणी चार, खाली लागला. पुढच्या वेळी आच कमी. महिनाभरात ते कॅलेंडर कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकापेक्षा उपयोगी ठरते, कारण ते त्याच शेगडीचे, त्याच पातेल्याचे आणि त्याच पाण्याचे असते.

भाताचे माप एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी इथून सुरू करावे. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडे कमी, जुना असेल तर थोडे जास्त. खोलीतली पातेली बहुतेक पातळ ॲल्युमिनियमची असतात, त्यांचा तळ लगेच तापतो. म्हणून उकळी आली की आच अगदी बारीक करायची, झाकण ठेवायचे आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे हात लावायचा नाही. पातेले जाड बुडाचे घेतले तर निम्मे करपणे तिथेच थांबते.

तूरडाळ शिजत नाही, ही दुसरी तक्रार. यात बऱ्याचदा मुलाचा दोष नसतो. बोअरचे पाणी जड असले की डाळ शिजायला वेळ घेते, आणि जुनी डाळही तसेच करते. डाळ अर्धा तास भिजवावी, शिजवायला पिण्याचे पाणी वापरावे, टोमॅटो किंवा चिंच डाळ मऊ झाल्यावरच घालावी. आंबटामुळे डाळ शिजायला जड जाते. दालचा करायचा असेल तर हा क्रम लक्षात ठेवला की अर्धे काम झाले.

तिसरी गोष्ट कांदा. चाकणला राहून कांद्या-बटाट्याची अडचण नाही, तिथला त्यांचा बाजार मोठा आहे. अडचण सबुरीची असते. कांदा मध्यम आचेवर लाल व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. भुकेलेला मुलगा तीन मिनिटांत मसाला टाकतो, आणि मग सालनाला कच्चट वास येतो. अम्मी ज्याला "चांगला होऊ दे" म्हणते तो हाच. खिम्याचेही तसेच. खिम्याला स्वतःचे पाणी सुटते, ते पूर्ण आटून कडेने तेल दिसेपर्यंत तो झालेला नसतो. घड्याळाकडे न बघता तेलाकडे बघायचे.

ज्वारीची भाकरी करू पाहणाऱ्या मराठवाड्याच्या मुलाने पीठ गरम पाण्यात मळावे. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, गरम पाण्यानेच पीठ बांधले जाते. थापताना ती मोडणारच. मोडलेली भाकरी डाळीत कुस्करून खाल्ली की तिचा आकार कुणाला दिसत नाही.

दोन गोष्टींत मात्र प्रयोग करायचे नाहीत. पहिली, शिळा भात. खोलीत फ्रीज नसतो. दुपारी केलेला भात झाकून ठेवून रात्री पाळीवरून आल्यावर खाणे अंगाशी येऊ शकते. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास उबेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून संपेल तेवढाच भात लावावा. मटण, मासळी आणली तर त्याच वेळी शिजवून त्याच वेळी संपवावी.

दुसरी, गॅस. मोठ्या सिलिंडरमधून लहान टाकीत गॅस भरून देणारे औद्योगिक वस्त्यांत भेटतात. हे बेकायदा आहे आणि जिवावरचे आहे. तेल कंपन्यांचे पाच किलोचे अधिकृत सिलिंडर ओळखपत्रावर मिळते, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि आपली मुले जमिनीवरच अंथरूण टाकून झोपतात. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही, बंदही करायचे नाही. दार-खिडकी उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि १९०६ या क्रमांकावर कळवायचे. मुलाला मसाल्याचा डबा देताना हा क्रमांकही द्या.

खोलीत एकत्र राहण्याचे स्वतःचे नियम असतात. चौघांत एखादा शाकाहारी निघतो. त्याचे पातेले आणि डाव वेगळे ठेवले, सांभाळले, तर पुढे तोच रमजानमध्ये आपल्या मुलाला सहरीला उठवतो. काही घरमालक मांस शिजवायचे नाही अशी अट घालतात. ती खोली घेतानाच विचारून घ्यावी, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. कामाच्या वाटण्या सुरुवातीलाच स्पष्ट असाव्यात: ज्याने रांधले त्याने भांडी घासायची नाहीत. आणि ज्याला काहीच येत नाही त्याने फक्त भांडी घासायची, हा नियम पहिल्या महिन्यापुरताच ठेवावा. नाहीतर तो भांडीच घासत राहतो आणि शिकत नाही. सालनाला पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी शिकवण आपल्याला आहेच. खोल्यांच्या चाळीत तिची किंमत सर्वांत जास्त कळते, कारण आज ज्याला वाटीभर दिले तो उद्या ताप आल्यावर पेज आणून देतो.

तापाचा विषय निघाला म्हणून २०२० ची आठवण करून द्यावीशी वाटते. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली, कारखाने थांबले, खानावळी मिटल्या. ज्यांना गाडी मिळाली ते आधीच गावी गेले होते, बाकीचे खोल्यांत अडकले. महिन्याभराने, २५ एप्रिलला, रमजान सुरू झाला. सहरी आणि इफ्तार दोन्ही त्याच खोलीत, त्याच शेगडीवर, ज्याच्या त्याच्या हाताने. ज्या खोलीत एकाला तरी डाळ-भात येत होता ती खोली तगली. रेशनचे तांदूळ हाती येऊनही ते शिजवणार कोण, हा प्रश्न किती अवघड असू शकतो हे त्या वर्षी पाहायला मिळाले. अन्न हाती असणे आणि जेवायला मिळणे यांत एका माणसाच्या शिकण्याचे अंतर असते.

आणि आता मुलीही येतात. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जुळणीच्या आणि तपासणीच्या कामावर आपल्याही मुली दिसू लागल्या आहेत. उद्या यातल्याच एखाद्या मुलाचा आणि मुलीचा निकाह होईल, दोघे एका खोलीत संसार मांडतील, त्याची पहिली पाळी असेल आणि तिची दुसरी. ती रात्री दमून परतेल तेव्हा झाकून ठेवलेले गरम सालन मिळेल की भांड्यांचा ढीग, हे त्या दोघांच्या भांडणातून ठरू नये. ते आजच, मुलाच्या आईच्या स्वयंपाकघरात ठरलेले असावे. स्थळ पाहताना आपण मुलीला विचारतो, स्वयंपाक येतो का? परगावी नोकरी करणाऱ्या मुलालाही हाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, ज्यांचा मुलगा यंदा दहावी-बारावीला किंवा आयटीआयला आहे, त्यांना आमची एक विनंती. आठवड्यातला एक दिवस त्याला द्या. त्या दिवशी घरातले एक वेळचे जेवण त्याचे. अम्मीने शेजारी बसावे, पण डाव हातात घेऊ नये. तिने "अंदाजाने" हा शब्द त्या दिवसापुरता बाजूला ठेवून वाटी आणि चमचा वापरावा, म्हणजे तेच माप पुढे खोलीत कामाला येईल. अब्बांनी ताटावर बसून चेष्टा करू नये, आणि जमले तर पुढचा आठवडा स्वतः घ्यावा. बहिणींनी हसायला हरकत नाही, पण मदतीला धावून सगळे सावरून घेऊ नये.

सुरुवात भात, डाळ, अंडा-सालन, बटाट्याची भाजी आणि खिचडी या पाच पदार्थांनी करा. पाच पदार्थांवर माणूस परगावी वर्ष काढू शकतो. बिर्याणी नंतर येईल, तिची घाई नाही. पहिल्या दिवशी भात करपला तर करपू द्या, त्यालाच पातेले घासू द्या, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच्याच हातात वाटी द्या. तेवढ्याशा तांदळाचे नुकसान घराला परवडते. चाकणच्या खोलीत, महिनाअखेरीला, त्याला ते परवडत नाही.